शुक्रवार की शब्बाथ

बशीवर कप आपटल्याचा खणकन आवाज आला आणि बाहेरच्या खोलीतली शांतता मोडली.

"सहा बत्तीस," शलोमकाका म्हणाले. "त्याच्या एक मिनिट अलीकडे नाही."

"सहा," पप्पा म्हणाले. "दवाखान्याच्या रजिस्टरात सहा लिहिलंय. सहा म्हणजे सहा."

"हसकेलभाऊ, त्या रजिस्टरात त्या आठवड्यातली अकराच्या अकरा बाळं पूर्ण तासाला झालीत. मी स्वतः बघून आलो. ती सिस्टर बाळ झाल्यावर घड्याळ बघत नाही, चहा पिऊन झाल्यावर बघते."

"तुम्ही रजिस्टर तपासायला गेलात? माझ्या नातवाचं?"

"नातू तुमचा असेल. शब्बाथ सगळ्यांचा आहे."

मी आतल्या खोलीत बाजेवर पडून हे ऐकत होते. दार अर्धं लोटलेलं होतं. कुशीत पाच दिवसांचं बाळ. ते दूध ओढायचं दोन घोट, मग तोंड तसंच उघडं ठेवून झोपी जायचं. मी त्याच्या तळपायाला टिचक्या मारायची, कानाची पाळी चोळायची. ते डोळे उघडायचं, माझ्याकडे परक्या गावच्या माणसासारखं बघायचं आणि परत झोपायचं. त्याचे डोळे पिवळे होते. हळदीत बुडवलेला कापूस असावा तसे.

बाहेर त्याच्या जन्माच्या मिनिटावरून तीन दिवस खटला चालू होता.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. गावात आम्हा बेने इस्राएलांची एके काळी चाळीस घरं होती. पस्तीस इस्राएलला गेली आणि जाताना भांडणं तेवढी आमच्यासाठी मागे ठेवून गेली. आमच्या सिनेगॉगला गाव मशीद म्हणतं, आम्हीही मशीदच म्हणतो. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आमच्याकडे सात आहेत. त्या सातांतल्या दोघांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं आणि शलोमकाका झिराडकरांचं, अठ्ठ्याण्णव सालापासून वाकडं. मशिदीतला नवा पंखा कुणाच्या बाकावर लावायचा, हे कारण. शेवटी पंखा मधल्या वाटेवर लावला. तेव्हापासून वारा कुणालाच लागत नाही आणि दोघंही समाधानी आहेत.

पप्पा एसटीच्या डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या, असं ते म्हणतात. शलोमकाका आमचे हझान. प्रार्थना तेच चालवतात, आणि कोंबडी-बकरं शास्त्राप्रमाणे कापण्याची सुरीही त्यांच्याकडेच असते. त्यामुळे गावात त्यांच्याशी भांडायचं म्हणजे आधी आठवडाभर डाळभात खायची तयारी लागते.

आणि अशा गावात एकतीस वर्षांनी मिला होणार होती. मिला म्हणजे मुलाची सुन्नत, जन्मापासून आठव्या दिवशी. शेवटची झाली ती माझ्या नवऱ्याची, निसीमची. आठवा दिवस चुकवायचा नाही, ही आब्राहामापासूनची रीत. पण आठवा मोजायचा तर पहिला कोणता ते ठरायला हवं, आणि माझं बाळ नेमकं शुक्रवारच्या तिन्हीसांजेला झालं. आमचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही. सूर्य बुडाला की दिवस संपायला लागतो, आकाशात तीन तारे दिसले की दुसरा लागला. सूर्य असताना झालेलं बाळ शुक्रवारचं. तीन ताऱ्यांनंतरचं शब्बाथचं, म्हणजे शनिवारचं.

पप्पांना शुक्रवार हवा होता. त्यांनी शनिवारी रात्री शब्बाथ संपल्याच्या तिसऱ्या मिनिटाला व्हॉट्सअॅपवर निमंत्रण पाठवलं होतं, वर सिंहाचं चित्र, खाली 'शुक्रवार सकाळी ठीक दहा'. ठाण्या-मुंबईहून पन्नास माणसं गाड्या काढून येणार होती. शब्बाथला कोण गाडी काढतो? ना चूल पेटवता येत, ना फोटो काढता येत.

शलोमकाकांना शब्बाथ हवा होता, आणि त्यांचंही एक होतं. मिला शब्बाथला झाली तर पाहुण्यांना शुक्रवारीच येऊन मुक्काम करावा लागेल. म्हणजे शब्बाथच्या सकाळी मशिदीत दहाच काय, वीस पुरुष आयते. अकरा वर्षं तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी पेटीतून काढून सगळ्यांसमोर वाचता आली नव्हती त्यांना. म्हातारा माणूस दर शब्बाथला सात टाळकी मोजायचा आणि पेटीला नुसता हात लावून परत यायचा.

दोघांचंही खरं होतं. फक्त बाळ पिवळं होतं, हे कुणाच्या हिशोबात नव्हतं.

मी सांगितलं नाही असं नाही. रविवारी निसीमला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." हा त्याचा शब्द. सोमवारी म्हणाला, "पप्पांशी बोलतो." बोलायला गेला आणि चहाचे रिकामे कप घेऊन परत आला. मंगळवारी मीच पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिले.

"पप्पा, बाळ पिवळं दिसतंय. दूध पण नीट ओढत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलंय, कावीळ आहे म्हणाले. थोडं थांबलं तर..."

पप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "सूनबाई, निसीमसुद्धा असाच होता. आमच्या वाक्रुळकरांचा रंगच केतकी. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात ना, तसं बाळंतिणीला बाळ पिवळं दिसतं. आराम कर."

शलोमकाका म्हणाले, "दिवा पिवळा आहे खोलीत. ट्यूब लावून घ्या."

मला वाटतं, तेवढ्या एकाच गोष्टीवर त्या आठवड्यात दोघांचं एकमत झालं.

डॉक्टर तरी काय. ते म्हणाले, "तेरा आहे. पंधराच्या वर गेलं तर दिव्याखाली ठेवू. तोवर सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा." मी म्हटलं, शुक्रवारी त्याला कापायचंय. ते खुर्चीत मागे सरले. "हे बघा, धार्मिक बाबतीत मी पडत नाही." पोर अडीच किलोचं, आणि ते पडत नव्हते.

बुधवारी दुपारी, म्हणजे तो कप आपटला त्या दुपारी, शलोमकाकांनी शेवटचा पत्ता टाकला.

"ठीक आहे. करा शुक्रवारी. पण शुक्रवारच्या मिलाची कोंबडी मी कापणार नाही. सातव्या दिवशी केलेली मिला म्हणजे मिलाच नव्हे. त्या पापात माझी सुरी नको."

"पन्नास माणसांना काय घालू मग? पोहे?"

"मलिद्याच्या प्रसादाला पोहेच लागतात."

पप्पा ताडकन उठले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे आपलंच घर आहे, उठून जायला जागा नाही. ते परत बसले.

माझ्या पायाशी तेव्हा शुलू बसली होती. माझी मोठी, शुलामित. साडेचार वर्षांची. तिने आगपेटीच्या काड्या मांडल्या होत्या आणि बाहेरचं सगळं ती त्या काड्यांना सांगत होती. "तू सहाची. तू बत्तीसची. भांडू नका गं."

संध्याकाळ व्हायच्या आधी योकाआत्या शेगडी घेऊन आल्या. योखेबेद त्यांचं नाव, पप्पांची थोरली बहीण. त्या लवकर विधवा होऊन माहेरी आल्या आणि इथेच राहिल्या. बाळ झालं तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी त्याच होत्या. निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून त्यांनी धुरी केली, बाळाला धुरावरून ओवाळल्यासारखं फिरवलं आणि खिडकीपाशी नेऊन त्याचं नाक बोटाने दाबलं. बोट उचललं तर खालची कातडी पिवळीजर्द.

"कावीळ आहे गो ही," त्या म्हणाल्या.

माझे डोळे एकदम भरून आले. पाच दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बाळाकडे बघून बाळाबद्दल बोललं होतं.

"तुम्ही सांगा ना आत्या पप्पांना."

"हसकेलला? तो साठ वर्षं माझं ऐकत नाही. आता ऐकून मोडायचाय का नेम?" त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन तेल लावायला सुरुवात केली. लहान लहान दंड, काटकीसारखे पाय. बाळ रडलंही नाही. "माझे वडील हझान होते, ठाऊक आहे ना तुला? मी आठ वर्षांची असल्यापासून वर बायकांच्या माडीवर बसून ऐकत आले. खाली पुरुष डुलक्या काढायचे, वर आम्ही जाग्या. आम्हाला कुणी काही विचारणार नव्हतं, म्हणून सगळं लक्षात राहिलं."

"काय लक्षात राहिलं?"

"हेच, तिन्हीसांजेच्या पोराचं. बघ हां. आकाशात एक तारा असला तर तो दिवसच. मग मिला शुक्रवारी, म्हणजे हसकेल जिंकला. तीन तारे असले तर रात्र. मिला शब्बाथला, म्हणजे शलोम जिंकला."

"आणि दोन?"

त्यांनी बाळाला उपडं केलं. पाठीला तेल चोळत राहिल्या.

"दोन असले तर कुणालाच ठाऊक नाही. ना दिवस, ना रात्र. मग शुक्रवारी करता येत नाही, कदाचित सातवाच दिवस असेल. शब्बाथलाही करता येत नाही, कदाचित नववा असेल, आणि नवव्यासाठी शब्बाथ मोडत नाहीत. मग रविवारी करायची." बाळाला दुपट्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. "दोन दिवस जास्तीचे मिळतात पोराला. कोवळं ऊन दोन सकाळी लागतं. बाकी काही नाही."

शेगडी उचलून त्या निघून गेल्या. 

गुरुवारी सकाळी ठाण्याहून मोहेलचा फोन आला. मोहेल म्हणजे मिला करणारा. रेऊबेनजी, सत्तरी उलटलेले, आख्ख्या कोकणपट्टीत आता तेच एक. पप्पांनी फोन स्पीकरवर टाकला आणि शेजारी शलोमकाकांना बसवून घेतलं. मागाहून नाही म्हणायला नको.

"मी उद्या सकाळी येऊ, की उद्या संध्याकाळी येऊन शब्बाथला राहू?" रेऊबेनजींनी विचारलं. "मला तीन निमंत्रणं आली आहेत. एकावर शुक्रवार, एकावर शनिवार. तिसऱ्यावर नुसताच सिंह."

दोघं एकदम बोलायला लागले. सहा, सहा बत्तीस, रजिस्टर, सिस्टरचा चहा. शलोमकाका म्हणाले, मी शुक्रवारच्या प्रार्थनेच्या चौथ्या पानावर होतो तेव्हा निसीमचा फोन वाजला, आणि मी शब्बाथचा फोन उचलत नाही, म्हणून मला वेळ पक्की ठाऊक. पप्पा म्हणाले, तुम्ही पानं उलटताना दोन-दोन उलटता, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

रेऊबेनजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोराच्या आईला विचारलंत का?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली.

"ती होती ना तिथे?" रेऊबेनजी म्हणाले.

मग सगळी वरात माझ्या दाराशी आली. पप्पा पुढे, हातात फोन दिव्यासारखा धरलेला. मागे शलोमकाका, त्यांच्या मागे निसीम, त्याच्या मागे योकाआत्या सुपातले तांदूळ निवडत.

"सूनबाई," पप्पा एरवी कधी बोलले नव्हते इतक्या गोडीने म्हणाले, "आठव जरा. बाळ झालं तेव्हा बाहेर चांगला लख्ख उजेड होता ना?"

"साक्षीदाराला पढवू नका!" शलोमकाका ओरडले. "पोरी, तूच सांग. अंधार होता ना?"

मी बाळाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं, ओठाच्या कडेला दुधाचा वाळलेला थेंब.

"तारे होते," मी म्हटलं.

शलोमकाकांचा चेहरा उजळला. "किती?"

"दोन."

"दोन म्हणजे?"

"दोन. एक मोठा होता, नारळीच्या शेंड्यावर. दुसरा बारीक, त्याच्या डावीकडे, थोडा खाली."

"आणि तिसरा?"

"तिसरा शोधत होते. तेवढ्यात बाळ झालं."

शलोमकाकांनी भुवया आवळल्या. "अशा वेळी बाई तारे मोजते होय?"

"मग काय मोजते?" दारातून आत्या म्हणाल्या. "तू एकदा बाळंत होऊन बघ शलोम, म्हणजे कळेल काय काय दिसतं ते."

"मग ते डोळ्यांपुढचे काजवे असतील."

"काजवे माझ्याही डोळ्यांपुढे होते का? मी नव्हते बाळंत होत. मीपण बघितले. दोनच होते."

"बायकांची साक्ष..." शलोमकाकांनी सुरुवात केली.

"जन्माच्या बाबतीत आईची आणि सुईणीची साक्ष धरतात," फोनमधून रेऊबेनजी म्हणाले. "दोन तारे. म्हणजे संशय. रविवारी सकाळी दहा. मी बसने येतो."

फोन बंद झाला. मला वाटलं आता दोघं माझ्यावर तुटून पडतील. पण पप्पांनी शलोमकाकांकडे बघितलं, शलोमकाकांनी पप्पांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. आपण जिंकलो नव्हतो. पण तोही जिंकला नव्हता.

"शब्बाथ तर नाहीच निघाला," पप्पा म्हणाले.

"शुक्रवार तर मुळीच नाही," शलोमकाका म्हणाले. आणि लगेच, "किती कोंबड्या लागतील?"

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. त्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीला खिडकी नव्हती. चारी बाजूंनी पांढऱ्या फरश्या होत्या आणि छताजवळ एक पंखा, धूळ बसून बंद पडलेला. पप्पा, निसीम, शलोमकाका, सगळे आठवडाभर त्या खोलीतल्या घटनेवर बोलत होते. त्यांच्यातला एकही त्या खोलीत कधी आला नव्हता.

शुक्रवारी मी बाळाला मागच्या पडवीत उन्हात धरलं, शनिवारीही. शनिवारी दुपारी त्याने पहिल्यांदा पाच मिनिटं सलग दूध ओढलं. मी श्वास रोखून मोजत बसले होते. पिवळेपणा मात्र होता तसाच.

रविवारी सकाळी मशिदीच्या अंगणात पन्नास माणसं होती. मुलगा झाला की बाळंतिणीला चाळीस दिवस मशिदीत पाऊल टाकायचं नसतं. मुलगी झाली तर ऐंशी. म्हणून मी आत्यांबरोबर बाहेरच्या ओट्यावर, खिडकीपाशी बसले. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. मधल्या वाटेत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक पप्पांची, बाळाला मांडीवर घ्यायचा मान त्यांचा. दुसरी एलियाहू हनाबीची. संदेष्टा एलियाहू प्रत्येक मिलाला हजर असतो अशी आमची श्रद्धा, म्हणून त्याच्यासाठी ती मोकळी ठेवतात. त्या दिवशी तिच्यावर जांभळी मखमल टाकली होती. शलोमकाकांनी तोराची पेटी उघडी ठेवली होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ते ओठ हलवत मोजत होते. दहाच्या पुढे गेले तेव्हा त्यांनी टोपीची कड डोळ्यांवर ओढून घेतली.

रेऊबेनजी बसस्टँडवरून चालत आले. बुटका माणूस, हातात जुनी चामड्याची पेटी. कुणाशी न बोलता ते सरळ ओट्यावर आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"आण गं पोरी, बघू."

मी दुपटं सोडलं. त्यांनी बाळाला दोन्ही हातांनी उचललं आणि उन्हात नेलं. नाक दाबलं. पापणी वर केली. मग तळवा उघडून बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या क्षणी त्यांनी हो म्हटलं असतं तर मी बाळ परत ओढून घेतलं असतं, पन्नास माणसांदेखत. ते मी ठरवलं नव्हतं, पण माझे हात पुढे झाले होते.

"आज नाही," ते म्हणाले.

खिडकीच्या आत कुजबुज झाली. पप्पा खुर्चीतून उठून बाहेर आले, त्यांच्या पाठोपाठ शलोमकाका.

"काय झालं?"

"पोर पिवळं आहे. पिवळ्या पोराची मिला करत नाहीत, त्याचा रंग येईपर्यंत थांबायचं. आठवा दिवस असो नाहीतर अठरावा." त्यांनी एकेकाकडे बघितलं. "हे तर पहिल्या पानावर आहे. इतके दिवस तारे मोजत होतात, पोर कुणी बघितलं नाही?"

पप्पांनी शलोमकाकांकडे बघितलं. शलोमकाका म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं असतं तर..."

"सांगितलं होतं," निसीम म्हणाला.

सगळे वळले. मीसुद्धा. सहा वर्षांच्या संसारात मी त्याच्या तोंडून 'बघू'च्या पुढे काही ऐकलं नव्हतं.

"हिने चार वेळा सांगितलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी पण तिथेच होतो."

रेऊबेनजींनी बाळ माझ्या ओटीत दिलं. "रंग आला की मला फोन करायचा. तुम्ही नाही, हसकेलभाऊ. हिने. दिवस ही सांगेल." मग शलोमकाकांकडे वळून म्हणाले, "आता पुरुष जमलेच आहेत तर सकाळची प्रार्थना करून घ्या की. आणि कोंबडी शिजली असेल तर वाया घालवू नका. मी चार तास बसमध्ये उभा होतो."

माणसं आत गेली. शलोमकाकांचा सूर लागला, कित्येक वर्षांत लागला नव्हता तसा.

"म्हणजे माझं खोटं फुकटच गेलं," मी आत्यांना हळूच म्हटलं. "शुक्रवारीही ते नाहीच म्हणाले असते."

आत्यांनी तोंड वाकडं केलं. "शुक्रवारी? शुक्रवारी त्याला सूर्य बुडायच्या आत ठाणं गाठायचं असतं. कुणी उन्हात नेऊन बघितलं असतं पोराला? त्या आतल्या ट्यूबखाली दोन मिनिटांत उरकलं असतं. शुक्रवारचा मोहेल आणि रविवारचा मोहेल एकच माणूस नसतो गो."

बाळाने तेवढ्यात जोरात हंबरडा फोडला. आठवड्यातला पहिला खरा रडका आवाज. भूक लागल्याचा. मी पदर पुढे ओढून त्याला छातीशी धरलं, आणि इतकी हसले की टाके दुखले.

प्रार्थना संपली. आत मलिद्याची ताटं फिरायला लागली, गोड पोहे, वर ओलं खोबरं. गडबडीत शुलू आत्यांच्या हातातून सुटून आत पळाली, आणि मी हाक मारेपर्यंत सरळ एलियाहू हनाबीच्या खुर्चीवर चढून बसली. दोन्ही पाय हलवत, मखमल कुरवाळत.

"अगं उतर, उतर!" शलोमकाका हातातलं ताट सांभाळत धावले. "ती बसायची खुर्ची नव्हे!"

"पप्पाजी," ती आजोबांना म्हणाली, शलोमकाकांकडे न बघता, "बाळ सहाला झालं की बत्तीसला?"

"ते... दोन ताऱ्यांना झालं," पप्पा म्हणाले.

"आणि मी?"

पप्पांच्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो त्यांनी बराच वेळ चावला. मग त्यांनी निसीमकडे बघितलं. निसीमने शलोमकाकांकडे. शलोमकाकांनी, सवयीने, वर छताकडे. पन्नास माणसांत शुलूच्या जन्माची वेळ सांगणारा एकही नव्हता. मग एकेक करून सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं.

मी आत्यांकडे वळले. आत्या ओट्यावरची मुंगी बघत होत्या.

शुलूने खुर्चीवर गुडघे टेकले, पाठीवरून वाकून खिडकीतून मला शोधलं, आणि आख्ख्या मशिदीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, सांग ना. मी किती वाजता झाले?"